तीच का ही आयडा लुपिनो?

प्रश्न (एक वाचक, सांगली): परवा झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर 'द हिच-हायकर' लावला आणि संपेपर्यंत जागचा हललो नाही. डायरेक्टर म्हणून आयडा लुपिनो असं नाव आलं. 'हाय सिएरा'त हॉलिवूडचा स्टार हम्फ्री बोगार्टबरोबर आहे तीच का ही? मग कॅमेऱ्यामागे का गेली, कामं मिळेनाशी झाली होती का?

उत्तर: हो, तीच. आणि कामं मिळत होती हो, हीच नको म्हणायची. जन्म लंडनचा, १९१८ चा, घरात सगळे नाटकवाले, वडील स्टॅनली लुपिनो कॉमेडियन. हॉलिवूडला आली तेव्हा पंधराची, आल्या आल्या केस सोनेरी करून गोड गोड बाहुलीचे रोल दिले, त्यात ती वाया गेली असं माझं मत. खरी आयडा दिसते ती १९४० च्या 'दे ड्राइव्ह बाय नाइट'मध्ये, दारू पिऊन गाडीत झोपलेल्या नवऱ्याला इंजिन चालू ठेवून गॅरेजमध्ये कोंडते आणि नंतर कोर्टात उभ्या उभ्या वेडी होते, तो सीन बघाच. पुढच्याच वर्षी 'हाय सिएरा' आला, त्यात तिचं नाव बोगार्टच्या वर आहे!

पण वॉर्नर स्टुडिओशी पटेना. बेटी डेव्हिस ही तिथली बडी नटी, तिने नाकारलेले रोल हिच्याकडे यायचे, ही स्वतःला गरिबांची बेटी डेव्हिस म्हणायची. नको तो रोल नाकारला की स्टुडिओ सस्पेंड करायचा, पगार बंद. तर त्या रिकाम्या दिवसांत ही सेटवर जाऊन कॅमेरा कसा लावतात, एडिटिंग कसं करतात ते बघत बसायची. स्टुडिओने शिक्षा दिली आणि हिने त्यातून शिक्षण काढलं.

पुढे नवरा कॉलियर यंगबरोबर स्वतःची छोटी कंपनी काढली. १९४९ ला 'नॉट वाँटेड' सुरू झाला, कुमारी मातेची गोष्ट, आणि डायरेक्टरला हार्ट अटॅक आला. हिने पिक्चर पूर्ण केला पण डायरेक्टर म्हणून नाव त्याचंच ठेवलं. मग १९५० ला बलात्कारावरचा 'आउटरेज', त्या काळात हा विषय कोण घेत होतं?

तुम्ही बघितलेला पिक्चर सहा खून केलेल्या बिली कुक नावाच्या खऱ्या गुन्हेगारावरून सुचलेला आहे. जेमतेम ७१ मिनिटं, दोन मित्र फिशिंगला निघतात, वाटेत लिफ्ट देतात आणि फसतात. त्या खुन्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, म्हणजे तो जागा आहे का झोपलाय हेच कळत नाही, मला अजून तो डोळा आठवतो. सेटवर सगळे तिला 'मदर' म्हणायचे, खुर्चीवर तर 'मदर ऑफ अस ऑल' असं लिहिलेलं.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली): 'द बिगॅमिस्ट'मागे काहीतरी गॉसिप आहे म्हणे?

उत्तर: आहे ना, आणि खरं आहे! 'हिच-हायकर'सारखाच हाही १९५३ चा पिक्चर, दोन बायका करणाऱ्या माणसाची गोष्ट. एक बायको जोन फॉन्टेन, दुसरी आयडा, डायरेक्शनही आयडाचं. लिहिला कुणी, तर कॉलियर यंगने, ज्याच्याशी आयडाचा घटस्फोट १९५१ मध्येच झालेला आणि ज्याची तेव्हाची बायको होती जोन फॉन्टेन. नवरा झालाय एडमंड ओब्रायन, म्हणजे 'हिच-हायकर'मधल्या दोन मित्रांपैकीच एक. गंमत म्हणजे पिक्चरमध्ये कुणालाच व्हिलन केलेलं नाही, त्या नवऱ्यालासुद्धा नाही.