जयगड किल्ल्यात पिवळ्या डोळ्यांची कबुतरं दिसली. ती मध्य आशियातली दुर्मीळ कबुतरं असतील का?

नसावीत. तुम्ही पाहिलेत ते पारवेच असणार. तटाच्या सांदीत राहायचं, बुरुजावर ओळीनं बसायचं, हाकललं की एक गिरकी घेऊन पुन्हा तिथंच उतरायचं, ही पारव्याचीच सवय. नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. पाळीव कबुतरांशी सरमिसळ झालेल्या पारव्यांत लाल, नारिंगी, पिवळट असे सगळे डोळे सापडतात.

शंका मात्र वावगी नाही. थंडीत आपल्या किनाऱ्यावर येणारे तपकिरी डोक्याचे कुरव (म्हणजे सीगल) मध्य आशियातल्या तळ्यांवरूनच येतात. पण कुरवाला पाणी लागतं. तुम्ही म्हणता त्या पिवळ्या डोळ्यांच्या पारव्याला कोरडं माळरान लागतं, शेतात सांडलेलं धान्य लागतं. कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान या भागात त्याची वीण होते आणि हिवाळ्यात तो पाकिस्तान, पंजाब, राजस्थानात उतरतो. बिकानेर जयगडपासून सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर आहे. कोकणातल्या दमट हवेत त्याचं काही काम नाही.

मी तो बिकानेरजवळ जोडबीडला पाहिला, जानेवारीत. मेलेली गुरं टाकायची ती जागा, त्यामुळे लोक जातात ते गिधाडं बघायला. मीही त्यासाठीच गेलो होतो. सकाळी उन्हं अंगावर घेत एका खेजडीवर (म्हणजे आपली शमी) पंधरावीस कबुतरं बसलेली दिसली. पारवा सहसा असा झाडावर बसत नाही, म्हणून थांबलो. दुर्बिणीतून आधी डोळा दिसला, हळदीसारखा पिवळा, आणि भोवतीची उघडी कातडीही पिवळी. माथ्यावर फिकट जांभळी झाक, पाठ मातकट. पंखावरचे काळे पट्टे आखूड, मध्येच तुटलेले. पारव्याचे दोन पट्टे कसे ठसठशीत असतात. ती उडाली तेव्हा पाठीचा खालचा भाग पांढुरका चमकला. गिधाडं मग दुपारपर्यंत राहिलीच.

या पक्ष्याला १८५६ साली शास्त्रीय नाव मिळालं, एव्हर्समान या निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून. आज तो धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. एकेकाळी मोठमोठे थवे येत, त्यांची शिकार झाली. दुसरं कारण मला जास्त लागतं. तो घरटं करतो ते झाडाच्या ढोलीत, नाहीतर मातीच्या कड्यातल्या किंवा पडक्या भिंतींतल्या बिळात. ढोली जुन्या झाडालाच असते, आणि त्याच्या मुलखातली नदीकाठची जुनी, उंच झाडं तुटत गेली. नवीन झाड लावलं तरी त्याला ढोली पडायला किती वर्षं जातात, हे आपल्या देवराया पाहिलेल्याला सांगायला नको.

तुम्ही पुन्हा किल्ल्यावर जाल तेव्हा डोळ्याचा फोटो काढूच नका. बाजूनं पंख, उडताना पाठ आणि चोचीचं टोक एवढं टिपा. पारव्याची चोच काळपट, याच्या चोचीचं टोक पिवळसर. संध्याकाळी ते तटात शिरतात की झाडावर जातात, तेही बघून ठेवा. पट्टे तुटके आणि पाठ पांढुरकी निघाली, तर फोटो इथं टाका. रात्रीची गाडी पकडून मी स्वतः जयगडला येईन.