वाचकांचे प्रश्न : अभिजात साहित्यातली स्त्री आणि तिचं स्वातंत्र्य

प्रश्न : दोनशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीला आजचा स्त्रीवादी निकष लावणं अन्यायाचं नाही का? आणि असं वाचन करायचंच तर सुरुवात कुठून करावी?

निकष घेऊन बसलात तर अन्याय होईलच. नायिका 'स्वतंत्र' की 'पारंपरिक' अशी खूण करून पुस्तक मिटलं की हाती काही राहत नाही. त्याऐवजी पेन्सिल घ्या आणि आधी पैसे मोजा. कोणाचं उत्पन्न किती, ते कोणाच्या नावावर आहे, नवरा किंवा बाप गेल्यावर ते कोणाकडे जातं, हे समासात लिहून ठेवा. जुन्या कादंबऱ्या हे आकडे लपवत नाहीत. आपणच प्रेमकथेच्या ओढीत त्यांवरून पुढे जातो.

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) घ्या. नायिका एलिझाबेथचे वडील बेनेट यांच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण ती मिळकत फक्त पुरुष वारसाकडे जाणार, म्हणजे पाच मुली असूनही दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड, चार टक्के व्याजाने गुंतवलेले. म्हणजे वर्षाला ४० पौंड, आणि राहायला घर नाही. हा हिशेब तिच्या तोंडावर कोण मांडतो? तिला मागणी घालणारा कॉलिन्स, आणि तोही मागणी घालता घालता. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून तिचा नकार पुन्हा वाचा. 'बाणेदार मुलगी' हे कौतुक मग अपुरं वाटतं, कारण तिने नाकारलंय ते आई आणि बहिणींच्या डोक्यावरचं छप्पर.

आणि मग तिची मैत्रीण शार्लट. वय २७, त्याच कॉलिन्सला होकार देते. बहुतेक वाचक तिला तडजोड करणारी म्हणून सोडून देतात, आणि आमच्या मते या कादंबरीच्या वाचनातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. तिसाव्या प्रकरणात एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते. घरात एक मोठी, छान खोली असताना शार्लट मागच्या बाजूच्या खोलीत का बसते, याचं तिला आधी नवल वाटतं. कारण लवकरच कळतं. कॉलिन्सची पुस्तकांची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. बायकोची खोलीही तितकीच प्रसन्न असती तर तो आपल्या खोलीत कमी आणि तिच्या खोलीत जास्त बसला असता. नवऱ्याला बागकामाचं प्रोत्साहनही ती याच हिशेबाने देते. कायद्याने तिच्या मालकीचं काहीच नाही, तरी दिवसातले काही तास तिने स्वतःसाठी राखलेत. स्वातंत्र्य म्हणजे फक्त दार उघडून निघून जाणं असं धरलं, तर ही खोली तुम्हाला दिसणारच नाही.

प्रश्न : आमच्या वाचन मंडळात 'जेन आयर'वरून वाद झाला. काही जण म्हणतात, जेन स्वतंत्र होते ती वारशाच्या पैशामुळे, स्वतःच्या बळावर नाही. तुमचं मत?

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट निसटलीय. वारसा मिळण्याच्या कितीतरी आधी जेन, जिथे ती नोकरीला आहे आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय त्या रॉचेस्टरचं घर सोडते, जवळ जवळपास काही नसताना. तिचा निर्णय पैशाआधीचा आहे. तो टिकवण्याची ताकद मात्र पैशाने येते. आकडे पाहा : गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी, म्हणून तिला वर्षाला ३० पौंड मिळायचे, आणि काकांकडून येतात २०,०००. ती त्याचे चार समान वाटे करते, स्वतःकडे ५,००० ठेवते आणि मगच रॉचेस्टरकडे परतते. 'मी आता स्वतंत्र आहे' असं ती त्याला सांगते ते याच बळावर.

पण शार्लट ब्राँटेची ही कादंबरी १८४७ची आहे हे विसरू नका. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये, लग्नाआधी वेगळी कायदेशीर तजवीज केलेली नसेल तर, बायकोची रोख आणि जंगम मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याची व्हायची. विवाहित स्त्रीला मालमत्तेवर स्वतःचा पूर्ण हक्क १८८२च्या कायद्याने मिळाला. त्यामुळे शेवटच्या प्रकरणातलं दोघांच्या संसाराचं सुख वाचताना हा प्रश्न मंडळात जरूर मांडा : ते ५,००० पौंड आता कोणाचे?

याचं उत्तर कादंबरीतच, वरच्या मजल्यावर कोंडलेलं आहे. रॉचेस्टरची पहिली बायको बर्था ३०,००० पौंड घेऊन आली होती. पैसा त्याच्याकडे राहिला, ती कुलुपात. तिच्याविषयी बहुतेक सगळं कळतं ते नवऱ्याच्या तोंडून. तिला एक सलग संवादही नाही. जीन ऱ्हिस यांनी १९६६मध्ये 'वाइड सरगॅसो सी' लिहून तिला बोलू दिलं. ती कादंबरी 'जेन आयर'नंतर वाचा, आधी नको. बर्थाचं गप्प असणं मूळ पुस्तकात स्वतः अनुभवल्याशिवाय दुसऱ्या पुस्तकाचं वजन कळत नाही.

प्रश्न : इब्सेनची नोरा मुलांना टाकून जाते. तिला आदर्श कसं मानायचं?

आदर्श मानू नका, नाटक वाचा. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'मध्ये (१८७९) नोराने नवऱ्याच्या आजारपणासाठी ४,८०० क्रोनर कर्ज काढलंय. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज मिळत नाही, म्हणून जामीनदार म्हणून वडिलांची सही, आणि ती तिनेच केलेली. वडील २९ सप्टेंबरला गेले, सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. नाटकाचा सगळा पेच या तीन दिवसांत आहे. कर्ज फेडायला ती रात्री दार लावून मजकुराच्या नकला उतरवण्याचं काम करते आणि म्हणते, अगदी पुरुष असल्यासारखं वाटायचं. ती बदलायला लागते ती इथे, शेवटच्या अंकात नव्हे.

मुलांबद्दल बोलायचं तर दाईकडेही बघा. नोराला वाढवण्याची नोकरी मिळावी म्हणून त्या बाईने स्वतःची मुलगी परक्यांकडे सोपवली होती. तिला कोणी जाब विचारत नाही, कारण ती गरीब आहे. नोरावर रागावणाऱ्या आणि नोराला डोक्यावर घेणाऱ्या, दोघांनाही ही बाई दिसत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : आपल्याकडच्या अभिजात साहित्यात असं वाचन कुठून सुरू करू?

शकुंतलेपासून, पण दोन्ही शकुंतला शेजारी ठेवून. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला लग्नाआधी अट घालते : माझा मुलगा राजा होईल. भर सभेत ती दुष्यंताला लांबलचक, सडेतोड सुनावते. तिथे राजाला सगळं आठवत असतं, तरी तो नाकारतो. कालिदास शाप आणि अंगठी आणतो. अट जाते आणि राजाचा दोषही जातो. कालिदासाची शकुंतलाही राजाला 'अनार्य' म्हणते, तेव्हा तिला मुळमुळीत ठरवायची घाई नको. नाटकात राजा संस्कृत बोलतो, ती प्राकृत. हा तेव्हाच्या नाटकांचा संकेतच होता, म्हणून ते एकट्या कालिदासाच्या माथी मारू नका.

प्रश्न : मराठी अनुवादातून वाचताना काय सांभाळावं?

'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत एकच 'यू' आहे, मराठीत अनुवादकाला निवड करावीच लागते. तो नवऱ्याच्या तोंडी 'तू' घालतो आणि बायकोच्या तोंडी 'अहो, तुम्ही'. अशाने मूळ वाक्यात नसलेली पायरी आपल्या व्याकरणातून आत येते. इब्सेनच्या मूळ नॉर्वेजियन नाटकात नोरा आणि तिचा नवरा हेल्मर एकमेकांना सारख्याच जवळिकीच्या सर्वनामाने बोलावतात. जेनचं मात्र उलट आहे : ती रॉचेस्टरला 'सर' म्हणत राहते, तेव्हा तिथे 'तुम्ही' शोभतं. ती 'तू'वर कधी येते, की येतच नाही, ते पान शोधून खूण करा. दोन अनुवाद मिळाले तर एवढी एकच गोष्ट दोन्हींत ताडून पाहा.