कार्यक्रमाच्या दिवशी तबलजीने काय करावं

साथीला पहिल्यांदाच बसतो आहेस, म्हणून सांगतो. सकाळी हात मोकळा होण्यापुरताच वाजव. कायदे-रेले, म्हणजे रियाजाच्या रचना, घोटत बसून संध्याकाळी बोटं जड करून घेऊ नकोस. गायकाची पट्टी, म्हणजे तो कुठल्या स्वराला सा धरून गातो ते, आदल्या दिवशीच विचार. काळी एकला (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लहान तोंडाचा तबला, काळी चार-पाचला गाणाऱ्या बाई असतील तर मोठ्या तोंडाचा.

सभागृहात तासभर आधी पोहोच आणि तबला लगेच गवसणीतून बाहेर काढ. एसीच्या हवेत पुडीचा, म्हणजे तोंडावरच्या कातड्याचा, स्वर हलतो, तो आधी स्थिरावू दे. मग वादीखालचे लाकडी ठोकळे सारून ढोबळ स्वर आण, बारीक काम गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) हलक्या हातोडीने. चाट, म्हणजे पुडीची कड, प्रत्येक घरात (गजऱ्यावरच्या दोन वाद्यांमधल्या भागात) वाजवून बघ, सगळीकडे सारखीच बोलली पाहिजे. घाई इथे अजिबात नको! विलंबित (संथ) एकतालाची, म्हणजे बारा मात्रांच्या तालाची, लय गायकाशी ग्रीनरूममध्येच बोलून घे. जेवण कार्यक्रमानंतर.