विधानांकडे परत जा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मुलांच्या प्रश्नावलीचं घटक-विश्लेषण केलंस, म्हणजे कोणत्या विधानांची उत्तरं एकत्र हलतात ते पाहून त्यांमागचे समान घटक काढलेस, आणि त्या घटकांमागचा आणखी एक, दुसऱ्या पातळीचा. त्या वरच्या घटकाला 'मानसिक अस्वस्थता' हे नाव शोभेल का, असं तू विचारतेस. ते नाव आलं कुठून? 'परीक्षेची भीती', 'झोपेच्या तक्रारी' आणि 'एकटेपणा' या खालच्या तीन घटकांच्या नावांवरून, आणि तीही तूच ठेवलेली. अर्थावरून अर्थ काढलास. मुलांनी ज्यांना उत्तरं दिली ती विधानं दोन मजले खालीच राहिली. घटक-विश्लेषणावर पुस्तक लिहिणाऱ्या गॉरसचने नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं आहे.

विधानांकडे परत जा. ऑब्लिमिन, म्हणजे घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारी रीत, वापरलीस ते बरं केलंस. व्हॅरिमॅक्सने घटकांमधले संबंधच शून्य धरले असते. आता श्मिड आणि लायमन यांची 1957 ची रीत लाव; प्रत्येक विधानाचा वरच्या घटकाशी आणि खालच्या घटकाशी किती संबंध, ते ती वेगळं करून दाखवते. तुझ्या घटकांमधले सहसंबंध: भीती-झोप 0.56, भीती-एकटेपणा 0.48, झोप-एकटेपणा 0.42, म्हणून वरच्या घटकावर भीतीचं लोडिंग, म्हणजे त्या घटकाशी असलेल्या नात्याचा जोर, 0.8, झोपेचं 0.7, एकटेपणाचं 0.6. भीतीचं एक विधान घे, लोडिंग 0.75. त्यातलं 0.60 वरच्या घटकाकडे जातं, भीतीकडे 0.45 उरतं (बेरीज आकड्यांची नाही, त्यांच्या वर्गांची जुळते). एकटेपणाचंही 0.75 चंच विधान घे. तिथे वर जातं 0.45 आणि एकटेपणाकडे राहतं 0.60. तुझ्या तक्त्यात ही दोन्ही विधानं सारखीच दिसतात! एकटेपणाचा मोठा वाटा त्याचा स्वतःचा आहे, आणि तुझं नाव तो गिळून टाकतं.

'मॉडेल तंतोतंत बसलं' हे वाक्य आधी खोड. तीन घटकांचे सहसंबंध तीन, काढायची लोडिंगही तीन. आकडे जुळणारच. त्याला पुरावा म्हणायचं नाही, कळलं?

कंटाळा येईल, ठाऊक आहे मला. तरी विधानांकडे परत जा. याच हट्टापायी माझा प्रबंध रखडला, मार्गदर्शकांशी कायमचं बिनसलं. शेवटच्या आजारात त्यांना भेटायला गेलो नाही, ती खंत आहे, हट्टाची नाही. ते म्हणत, नाव ठसठशीत असलं की पेपर छापून येतो. येतोही. मग कुणी त्या नावावर नवी प्रश्नावली बांधतो, आणि मुलांना मुळात काय विचारलं होतं ते कुणी बघत नाही. माझंच बरोबर होतं, आजही म्हणतो.

तू मेहनती आहेस, म्हणून एवढं रागावून लिहितोय. रविवारपर्यंत तक्ता पाठव: वरच्या घटकावरच्या लोडिंगच्या उतरत्या क्रमाने सगळी विधानं, क्रमांक नकोत, पूर्ण वाक्यं. नावाचा रकाना कोरा ठेव.