कॉनरेचे नियम आणि आजीचे नियम

प्रिय सई,

शनिवारी रात्री नखे कापू नकोस, असे मी म्हणालो तेव्हा तू शाळेत ऐकलेल्या, जुन्या आयरिश दंतकथेतल्या कॉनरे मोर राजाची आठवण काढलीस आणि म्हणालीस, "त्याला निदान नियम कोणी घातले ते माहीत होते. आजीला कोणी घातले होते?" मी "शास्त्र असतं ते" म्हणून विषय मिटवला. वाईच्या घरात मलाही हेच उत्तर मिळे आणि ते कधीच पुरेसे वाटत नसे.

तुझे म्हणणे खरे आहे. गादीवर बसण्याआधीच कॉनरेला समुद्रकिनारी नेमग्लान भेटला, त्याच्या बापाच्या पक्षिकुळाचा राजा, आणि त्याने सगळी बंधने तोंडी सांगितली: टारा या राजगादीच्या टेकडीला उजवी आणि भोवतालच्या ब्रेगा मैदानाला डावी घालून जायचे नाही, दर नवव्या रात्री टाराबाहेर राहायचे नाही, सूर्यास्तानंतर ज्या घरातला उजेड बाहेरून दिसतो तिथे झोपायचे नाही, तीन तांबड्या माणसांना आपल्यापुढे तांबड्याच्या घरी जाऊ द्यायचे नाही, अंधार पडल्यावर एकट्या बाईला किंवा पुरुषाला आपण असू त्या घरात घ्यायचे नाही, दोन चाकरांचे भांडण मिटवायचे नाही. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत जपलेल्या, सुमारे ११०० सालच्या हस्तलिखितात या कथेचा बराच भाग आहे. कारण मात्र नेमग्लाननेही एकाही नियमाचे सांगितले नाही.

तू ती यादी वाचून दाखवलीस तेव्हा मला आजीचाच आवाज ऐकू येत होता. तिघांनी मिळून कामाला निघायचे नाही, उंबऱ्यावर बसायचे नाही, निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, रात्री केर बाहेर टाकायचा नाही. नाना तिघांनी निघायची वेळ आली की खिशात सुपारी टाकत आणि "हा चौथा" म्हणत. दिवेलागणीला पुढचे दार सताड उघडे असे, कारण ती लक्ष्मीच्या येण्याची वेळ. त्या उजेडात मी शुभंकरोति आणि पाढे म्हणत असे, आणि आतून आजी एखादा चुकलेला पाढा हातातले काम न थांबवता दुरुस्त करी. ते मला फार आवडे, आणि बहुधा म्हणूनच नखांचे वाक्य माझ्या तोंडून निघून जाते.

परंतु एक गोष्ट मला खटकते. कॉनरेची बंधने एकट्या राजावर होती. ज्याच्या हाती सर्वांत जास्त सत्ता त्याच्याच पायात सर्वांत जास्त बेड्या. आपल्या घरात नेमके उलटे होते. नाना सुपारीवर सुटत, आणि आत्या महिन्यातले चार दिवस मागच्या खोलीत वेगळा तांब्या घेऊन बसे. तिचे ताट मी दाराशी ठेवून येई आणि ती मला वाचनालयातून पुस्तक बदलून आणायला सांगे. आजीला हे नियम तिच्या सासूने घातले एवढेच मला ठाऊक आहे, आणि त्यांचे समर्थन करायला मी बसलेलो नाही.

तरीही कॉनरेने नियम मोडले ते उद्दामपणाने नव्हेत, हे विसरू नकोस. त्याच्याबरोबर वाढलेले भाऊ लूटमार करू लागले, त्यांना मारण्याचे त्याला धैर्य झाले नाही. त्याने त्यांना हद्दपार केले आणि ते इंगकेल नावाच्या एकाक्ष लुटारूला जाऊन मिळाले. त्यानंतर भांडण मिटवायला म्हणून तो गेला, परतताना मुलूख जळताना दिसला म्हणून वाट बदलली, तीन तांबडे स्वार पुढे निघून गेले, आणि नावातच तांबडा असलेल्या दा देर्गाच्या पाहुणघरात तो उतरला असताना दाराशी रात्री एक एकटी बाई येऊन उभी राहिली. तो आधी नाही म्हणाला. राजाचे औदार्य संपले असेल तर दुसरीकडे जाते, असे ती म्हणाली तेव्हा त्याने तिला आत घेतले. त्याच रात्री तो मारला गेला. सगळ्या कथेत मला हीच जागा सर्वांत खरी वाटते. आजीही तिन्हीसांजेनंतर दही द्यायचे नाही म्हणे, पण शेजारच्या काकू विरजणाला वाटी घेऊन आल्या की पुटपुटत देई आणि वर सांगे, "उद्या तेवढेच परत आणा, म्हणजे दिले असे होत नाही."

दा देर्गाचे ते घर डब्लिनच्या डॉडर नदीवर, बोहरनाब्रीनाच्या बाजूला होते असे मानतात. तुला हवे असेल तर एखाद्या रविवारी जाऊ. नको असेल तर राहू दे. नखे तू केव्हाही काप. संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा क्षणभर येऊन उभी राहिलीस तर मला बरे वाटेल, पण जूनमध्ये इथे आयर्लंडमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा तिन्हीसांज कोणती धरायची हे माझेच अजून ठरलेले नाही.

आत्या पुढच्या महिन्यात येते आहे. ती आता स्वतःच्या घरी यांतले काय पाळते, हे मी तिला कधी विचारलेले नाही. तू विचारलेस तर ती सांगेल.

तुझा,
बाबा