प्रश्न तुमचे : पट्टीवर आहे तेवढंच लिहा

प्रश्न : सर, मी कार्डिओलॉजीच्या सर्टिफिकेशन परीक्षेची तयारी करतेय. ईसीजींचे संग्रह वाचून झाले. उत्तर शेजारी छापलेलं असलं की सगळं लख्ख दिसतं; नुसती पट्टी समोर आली की गोंधळ उडतो. कधी मोठी गोष्ट सुटते, तर कधी नसलेल्या चार गोष्टी लिहून बसते. जादा लिहिलं तर गुण कापले जातात. काय बदलू?

उत्तर : उत्तर शेजारी ठेवून वाचणं आधी बंद करा. त्यातून उत्तर पटण्याचा सराव होतो, शोधण्याचा होत नाही. उत्तर झाका आणि तुमचं वाचन कागदावर लिहा. मनातलं उत्तर खरं उत्तर पाहिलं की हळूच बदलतं. लिहिलेलं बदलत नाही. मशीनने वर निदान छापलं असेल तर कागदाचा तेवढा भाग दुमडा. मी आजही दुमडतो.

क्रम कुठलाही धरा, पण रोज तोच. माझी सुरुवात कॅलिब्रेशनच्या खुणेपासून होते : १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर, वेग सेकंदाला २५ मिलिमीटर. व्होल्टेज अर्ध्यावर ठेवून काढलेल्या ईसीजीत जाड झालेलं डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा डावा कप्पा) सहज निसटतं. मग रेट, रिदम म्हणजे लय, ॲक्सिस (विद्युत लहरीची एकूण दिशा), पीआर (पी या वरच्या कप्प्यांच्या लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची लहर), क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहर संपेपर्यंतचं अंतर). एसटी-टी, म्हणजे क्यूआरएसनंतरचा भाग, सगळ्यात शेवटी. बहुतेक जण एसटीवरच झडप घालतात. पण क्यूआरएस रुंद आहे का, लेफ्ट बंडल ब्लॉक (डाव्या व्हेंट्रिकलकडे लहर नेणारी वाट अडणं) आहे का, हे ठरल्याशिवाय एसटीचा अर्थ लावणार कसा? त्या ब्लॉकमध्ये एसटी आणि टी क्यूआरएसच्या उलट दिशेला जाणं अपेक्षितच असतं. ते इस्केमिया (हृदयाला रक्त कमी पडणं) म्हणून वेगळं लिहिलंत की गुण गेले.

मोठ्या गोष्टी सुटतात त्या बहुधा रिदममध्ये. अरुंद क्यूआरएस, एकसारखी लय आणि रेट १५० च्या आसपास असेल, तर ‘सायनस टॅकिकार्डिया’ (नेहमीचीच लय, फक्त जलद) लिहिण्याआधी हात थांबवा. २:१ एट्रियल फ्लटर (वरच्या कप्प्यांची अतिजलद लय, जिच्यातली दर दुसरी लहरच खाली पोहोचते) इथेच लपतो. लीड (हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या नोंदी) २, ३, एव्हीएफ आणि व्ही१ निरखून पाहा. दोन क्यूआरएसच्या बरोबर मध्यावर पी दिसत असेल, तर आणखी एक पी क्यूआरएसच्या पोटात आहे का हे तपासा. कॅलिपर (अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन) वापरायची लाज वाटू देऊ नका. नुसत्या नजरेने दोन पींमधलं अंतर मोजणारे हुशार लोक मी पाहिलेत, आणि त्यांचे सुटलेले फ्लटरही.

जादा लिहिण्याच्या सवयीवर एक उदाहरण देतो. प्रत्येक दुसरा पी खालच्या कप्प्यांत पोहोचण्याआधी अडतोय, म्हणजे २:१ एव्ही ब्लॉक. विद्यार्थी लगेच मोबिट्झ १ (पी अडण्याआधी पीआर वाढत जातो) की २ (पीआर तेवढाच राहतो) यावर वाद घालतात. पीआर वाढत जातो की तेवढाच राहतो हे ठरवायला लागोपाठ दोन पी तरी खाली पोहोचायला हवेत, आणि इथे ते पोहोचतच नाहीत. क्यूआरएस रुंद असेल तर ब्लॉक एव्ही नोडच्या (वरच्या कप्प्यांतून लहर खाली जाते ते ठिकाण) खाली असल्याची शंका बळावते, पण शंकाच. पट्टीत दुसरीकडे पुरावा नसेल तर ‘२:१ एव्ही ब्लॉक’ लिहा आणि पेन खाली ठेवा.

प्रश्न : लीड १ मध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं. डेक्स्ट्रोकार्डिया (हृदय उजवीकडे असणं) की हातांच्या वायरींची अदलाबदल, कसं ओळखायचं?

उत्तर : छातीच्या लीड्सवरून. एव्हीआर दोन्हींत सरळ दिसू शकतो, त्यात वेळ घालवू नका. व्ही१ कडून व्ही६ कडे जाताना आर (क्यूआरएसचा वर जाणारा भाग) नेहमीसारखा वाढत असेल, तर वायरी उलट्या लागल्यात. आर वाढण्याऐवजी लहान होत गेला, तर डेक्स्ट्रोकार्डिया. परीक्षेत दोन्ही येऊ शकतात. वॉर्डात मात्र आधी वायरी तपासा आणि ईसीजी पुन्हा काढा.