कडी कुत्र्याने उघडली, जबाबदारी कुणाची?

प्रश्न : धायरीत आमचं रो हाऊस आहे. मी शिक्षिका, यजमान कंपनीत. दिवसभर घरी सासूबाई आणि चिकू. चिकू अडीच वर्षांचा, पिल्लू असताना रस्त्यावरून आणलेला गावठी कुत्रा, फार हुशार. गेटची कडी नाकाने उचलतो, दाराचं हँडल पंजाने दाबतो, मागच्या बाजूला वॉशिंग मशीनवर चढून भिंतीवरून उडी मारतो. आठ महिन्यांत पाच वेळा पळाला. कुणाला कधी चावला नाही, दोनदा स्कूटरमागे मात्र धावला होता. पाचव्या वेळी तसाच धावला आणि गल्लीतले एक काका स्कूटरवरून पडले, मनगट मोडलं. त्यांच्या वकिलांची १ लाख २० हजारांची नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी करू म्हणतात. सात दिवसांत कुत्रा हलवा, नाहीतर रोज पाचशे रुपये दंड, असं सोसायटीचं पत्र आहे. ग्रुपवर एकाने ‘काहीतरी खायला घालून एकदाचं संपवा’ असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, साखळीने बांध किंवा गावी शेतावर सोडून ये. मुक्या जनावराला काय कळतं? त्याचा गुन्हा माझ्यावर कसा? मी काय करू?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचलं, सोबतचे फोटोही नीट पाहिले. गेटच्या फोटोवर मी बराच वेळ थांबले. कडीच्या खाली वीतभर जागेत रंग उडालाय, पत्र्यावर नखांचे बारीक ओरखडे आहेत, आणि ते सगळे खालून वर गेलेत. हे एका दिवसाचं काम नाही. चिकूने ती कडी कितीतरी दिवस शिकून घेतली आहे.

मुक्या जनावराला काय कळतं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. त्याला कुणी आरोपी करत नाही. न्यायालय विचारेल ते एवढंच, की तुम्हाला काय माहीत होतं, आणि माहीत असून तुम्ही काय केलंत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या २९१ व्या कलमात हे आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभवनीय धोका असेल आणि तो टाळण्यापुरती काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच २८९ वं कलम होतं आणि दंड एक हजार होता.

यातला ‘पुरती’ हा शब्द लक्षात घ्या. आळशी, उन्हात पडून राहणाऱ्या कुत्र्याला साधी कडी पुरते. चिकूला ती पुरत नाही, आणि हे तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या पळण्यानंतर कळलं होतं. पहिल्यांदा पळाला तो अपघात. पाचव्यांदा पळतो तेव्हा कडी तीच होती का, हा प्रश्न येतोच. त्यात तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमचाच मेसेज आहे : ‘आमचे चिरंजीव परत फरार, कुणाला दिसले तर सांगा’. लिहिताना तुम्ही कौतुकाने लिहिलंत, ते मला समजतं. काकांचे वकील मात्र तो मेसेज ‘मालकिणीला माहीत होतं’ याचा पुरावा म्हणून लावतील. तो पुसू नका. पुसून उपयोगही नाही, कारण तो चाळीस जणांच्या फोनमध्ये आहे. आणि पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा अंगावर येईल.

तुमच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. चिकू कुणाला चावलेला नाही. तुम्ही दर वेळी त्याला शोधायला गेलात, तिसऱ्यांदा पळाल्यावर गेटला दोरी बांधलीत, हे तुम्हीच लिहिलंय. दोरी पुरली नाही, पण प्रयत्नच नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. अडचण त्या आधीच्या दोन स्कूटरची आहे. धावणाऱ्या कुत्र्यामुळे दुचाकीस्वार पडू शकतो हे कुणालाही कळतं, आणि हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापतच. त्यामुळे पोलीस २९१ बरोबर १२५ वं कलमही लावू शकतात. हयगयीच्या कृतीतून जबर दुखापत झाली तर त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चिकूला मोकळं सोडणं ही तुमची ‘कृती’ नव्हती, तो स्वतः सुटला, हा बचाव त्या कलमाला चांगला लागतो.

अटकेच्या भीतीने झोप उडाली आहे असं लिहिलंत. दोन्ही गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतील असे, असले तरी जामीनपात्र आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेशकुमार प्रकरणात बजावलंय. चौकशीला हजर राहण्याची नोटीस आली, तर त्या दिवशी त्या वेळी हजर राहा, वकील बरोबर न्या. एवढं केलंत तर रात्री दारात गाडी येईल ही धास्ती मनातून काढून टाका.

पण प्रकरण हलक्यात घेऊ नका. दक्षिण मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने वयस्कर गृहस्थांना चावे घेतले. मालकाला २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीन महिन्यांची कैद सुनावली. कुत्रा आक्रमक आहे हे माहीत असून त्याला गाडीतून बाहेर येऊ दिलं, हा त्यातला मुद्दा होता. तुमचं प्रकरण तसं नाही. तरी निकाल लागायला तेरा वर्षं गेली, आणि ती तेरा वर्षं आरोपी म्हणून तारखा कराव्या लागल्या, हे मला तुमच्या बाबतीत नकोय.

म्हणून सगळ्यात आधी काकांकडे जा. फोन नको, ग्रुपवर मेसेज तर नकोच. यजमानांना घेऊन जा आणि हाताची विचारपूस करा. घाई करायला सांगते त्याला कायद्यातलं कारण आहे. २९१ हा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. एकदा एफआयआर नोंदवला गेला की उद्या काका ‘आमचं मिटलं’ म्हणाले तरी खटला आपोआप संपत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. आज एका भेटीत होण्यासारखं काम तेव्हा काही महिने आणि बराच पैसा खाईल. मात्र ‘तक्रार करू नका’ असा आग्रह धरू नका. तक्रार करणं त्यांचा हक्क आहे, आणि दुखलंय त्यांना.

पैशांचं वेगळं बोलू. नुकसानभरपाईसाठी त्यांना दिवाणी न्यायालयात दावा करावा लागेल आणि तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील : चिकूमुळेच पडले, तुमची काळजी अपुरी होती, आणि खर्च खरंच झाला. नोटिशीत दवाखान्याचे ४८ हजार आणि स्कूटरचे साडेसहा हजार लिहिलेत, उरलेले ‘मानसिक त्रासा’चे. पहिल्या दोन रकमांची बिलं मागून घ्या. माझं मत विचाराल तर बिलं खरी असतील ती रक्कम देऊन टाका, धनादेशाने किंवा बँकेतून, आणि सोबतच्या पत्रात ‘कोणताही दोष मान्य न करता, शेजारधर्म म्हणून’ असं स्पष्ट लिहा. पैसे रोख देऊ नका. मनगट बरं होईपर्यंतच्या फिजिओथेरपीचाही विषय तुम्हीच काढा. मोडलेलं मनगट प्लास्टर निघाल्यावरच खरं त्रास देतं. मानसिक त्रासाच्या आकड्यावर बोलणी होऊ शकतात. नोटिशीला उत्तर मात्र मुदतीत गेलंच पाहिजे, बोलणी चालू असली तरी. ‘असं काही घडलंच नाही’ असं त्यात लिहू नका; गल्लीत कुणाच्या तरी दारावर कॅमेरा असेलच.

सोसायटीचं पत्र कायद्यात बसत नाही. पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात हे सांगितलंय, आणि २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशी बंदी घालणाऱ्या उपविधी बेकायदा ठरवल्या. सेक्रेटरींना तसं लेखी कळवा. पण त्या पत्राचा सूर सांभाळा. बंदी घालता येत नाही म्हणजे कुत्रा मोकाट हिंडू शकतो असं नाही. बाहेर नेताना पट्टा लावा, घाण उचला, लसीकरण करा, असं सोसायटी सांगू शकते आणि ते तुम्ही पाळायला हवं. ‘कुत्रा हलवणार नाही, तो पुन्हा सुटू नये म्हणून अमुक तारखेपर्यंत ही कामं करून घेत आहोत’ असं लिहा. निम्मा विरोध तिथेच मावळेल. लोकांना कुत्र्याचा राग कमी असतो, आपल्याला कुणी विचारत नाही याचा जास्त.

आता साखळी. सासूबाईंची काळजी मला कळते. दिवसभर घरी त्याच असतात, आणि चिकू पळाला की चपला न घालता त्याच धावत सुटतात. पण साखळी हा उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं ११ वं कलम बघा. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, हाही त्याच कलमात गुन्हा आहे. पहिल्यांदा गुन्हा घडला तर दंड दहा ते पन्नास रुपये. रक्कम बघून कायदा हलका समजू नका, कारण प्रश्न चिकूचा आहे. चिकूसारखा हुशार कुत्रा आठ तास तीन फुटांत बांधला तर महिन्याभरात भुंकायला लागेल, दोन महिन्यांत गुरगुरायला, आणि मग सुटला तर आजच्यासारखा नुसता धावणार नाही. आज तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा ‘तो चावत नाही’ हाच आहे. तो साखळीवर घालवू नका.

गावी शेतावर ‘सोडून येणं’ तर नकोच. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं त्याच कलमात येतं. ओळखीच्या घरी, त्यांच्या संमतीने, नीट सोपवणं वेगळं. पण असा कुत्रा धायरीचा रस्ता शोधत निघेल, आणि हायवेवर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मग करायचं काय? चिकूच्या पुढे एक पाऊल राहायचं. घरचं माणूस पहाटेपासून नजर ठेवून पाच दिवस वहीत लिहू दे : किती वाजता, कुठल्या दारापाशी, कोण आलं होतं. तुमच्या पत्रातच आहे की पाचपैकी तीन वेळा तो सकाळी सात ते आठमध्ये गेला. ती दूध, कचरा आणि तुमच्या शाळेची वेळ. त्याला पहाटे पाऊण तास पट्ट्यावर दमेपर्यंत फिरवलंत तर निम्मं काम होईल. नसबंदी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. झाली नसेल तर पशुवैद्यांना विचारा. नर कुत्रे भटकतात त्याचं ते एक मोठं कारण असतं.

मग फॅब्रिकेटरला बोलवा. कडी गेटच्या बाहेरच्या अंगाला, नाक पोचणार नाही अशी, आणि तिच्या कोयंड्यात स्प्रिंगचा हुक. गेटच्या आत चार फुटांवर दुसरं छोटं जाळीचं फाटक, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहील. सिलिंडरवाला आला तरी चिकू मधल्या जागेत अडकेल. दाराला दाबायच्या हँडलऐवजी गोल मूठ आणि वर टॉवर बोल्ट. वॉशिंग मशीन भिंतीपासून हलवा, भिंतीवर आतल्या बाजूला झुकलेली जाळी लावा. काचा किंवा विजेची तार चुकूनही नको.

काम सुरू करण्याआधी आजच्या कडीचे, ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा, झाल्यावर पुन्हा काढा. फॅब्रिकेटरकडून तारखेचं पक्कं बिल घ्या. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना नसेल तर याच आठवड्यात अर्ज करा, त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागेल. गळ्यात तुमचा फोन नंबर असलेली पट्टी हवी. उद्या न्यायालयात ‘पुरेशी काळजी’ म्हणजे काय, हे हेच कागद सांगतील. अपघातानंतर केलेली दुरुस्ती म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. सहाव्यांदा कुणी पडलं आणि कडी तीच सापडली, तर मात्र तुमच्यासाठी बोलायला कुठल्याही वकिलाकडे फार काही उरणार नाही.

राहिला तो विषाचा मेसेज. प्राण्याला विष घालून मारणं किंवा निकामी करणं, संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मेसेजचा स्क्रीनशॉट तारीख-नंबरासकट ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ग्रुपवर वाद घालू नका. चिकूला अनोळखी हातून काही खाऊ न देण्याची सवय लावा, आणि सकाळी अंगण झाडताना काही टाकलेलं दिसतंय का ते बघत चला.

फाटकं बसेपर्यंत चिकूला आतल्या खोलीत ठेवा, सासूबाईंना गेटची किल्ली द्या. नोटिशीची मुदत पुढच्या गुरुवारी संपते. काकांना भेटून आलात की ते काय म्हणाले ते सोमवारपर्यंत कळवा, म्हणजे उत्तराचा मसुदा त्याप्रमाणे करता येईल.